ऑलिम्पिकला घोडेस्वार पात्र होतो म्हणजे नेमकं काय होतं? कोटा देशाचा की रायडरचा?

रपेटवाला_पुणे (प्रश्न)
नमस्कार मंडळी. माझी भाची १३ वर्षांची आहे, इथे पुण्यात एका क्लबात रायडिंग शिकते, लहानसहान शो पण खेळते. पॅरिसच्या वेळी आम्ही सगळे मिळून आपल्या अनुष अगरवालाची ड्रेसाज राइड (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेतात तो प्रकार) बघितली आणि तेव्हापासून घरात एकच प्रश्न चालू आहे. फेब्रुवारी २०२४ ला बातमी आली की अनुषने भारताला कोटा मिळवून दिला, मग काही महिन्यांनी परत बातमी की अनुषची 'निवड' झाली. अरे मग आधी काय झालं होतं? त्यानेच मिळवला तर तोच जाणार ना? आणि दुसरं, एशियन गेम्सला आपले घोडे भारतातून गेलेच नाहीत म्हणतात ते का? गुगल केलं तर एफईआयची, म्हणजे घोडेस्वारीच्या जागतिक फेडरेशनची, भलीमोठी पीडीएफ येते, तिसऱ्या पानावर झोप लागते. कुणी साध्या भाषेत सांगेल का.

जीन_आणि_लगाम
साध्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो पण लांबेल, चहा घेऊन बसा.

कोटा देशाचा असतो. रायडरच्या कामगिरीवर मिळाला तरी नावावर देशाच्याच. सोसायटीच्या नावावरचं पार्किंग समजा, तिथे गाडी कुणाची लावायची ते कमिटी ठरवणार. इथे कमिटी म्हणजे ईएफआय, आपली इक्वेस्ट्रियन फेडरेशन. अनुषचे ज्या चार शोंमधले स्कोअर त्या वेळी सांगितले गेले ते पोलंडमधलं व्रोत्सवाफ, हॉलंडचं क्रोनेनबर्ग, मग फ्रँकफर्ट आणि बेल्जियमचं मेकेलन, सगळीकडे ७२ ते ७४ टक्क्यांच्या आसपास. त्यावर भारताला ड्रेसाजमध्ये एक जागा मिळाली, ऑलिम्पिकच्या ड्रेसाजमध्ये भारताची ही पहिलीच. पण नंतरच्या महिन्यांत आपली दुसरी ड्रेसाज रायडर श्रुती व्होरा, तिनेही पात्रतेचे स्कोअर केले, जूनमध्ये तर तिने स्लोव्हेनियात लिपिट्साला थ्री स्टार ग्रँड प्रिक्स (ड्रेसाजची सगळ्यात वरच्या पातळीची परीक्षा) जिंकली. म्हणजे जागा एक आणि लायक रायडर दोन. फेडरेशनने सरासरी बघितली, अनुषची थोडी वर होती, तो गेला. म्हणून 'निवड' ही वेगळी बातमी.

आता पॅरिसचं एकूण गणित. घोडेस्वारीला २०० जागा होत्या, जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या) ७५, इव्हेंटिंग (ड्रेसाज, क्रॉस कंट्री आणि जंपिंग तिन्ही मिळून) ६५, ड्रेसाज ६०. यातल्या बहुतेक टीमच्या. टीम तिघांची, टोकियोपासून चौथा रायडर काढून टाकला त्यामुळे आता एकाचा स्कोअर वाईट गेला तर तो वगळायची सोय नाही, तिघांचेही धरतात. का केलं तर जास्त देशांचे झेंडे दिसावेत म्हणून. मला स्वतःला हा बदल आवडलेला नाही, एक घोडा बिचकला की अख्खा देश खड्ड्यात, पण आपल्यासारख्या देशांना त्यातूनच दार किलकिलं झालं हेही खरं.

टीमच्या जागा आधी वर्ल्ड चॅम्पियनशिपला वाटल्या जातात. २०२२ ला डेन्मार्कच्या हर्निंगमध्ये ड्रेसाजच्या सहा आणि जंपिंगच्या पाच टीम ठरल्या, इटलीत प्राटोनीला इव्हेंटिंगच्या सात. फ्रान्स यजमान म्हणून थेट आत. उरलेल्या टीम खंडवार ग्रुपांच्या स्पर्धांमधून, जंपिंगची एक बार्सिलोनाच्या नेशन्स कप फायनलमधून. हे सगळं झाल्यावर ज्या देशाला टीम मिळाली नाही त्यांच्यासाठी वैयक्तिक जागा, त्या ऑलिम्पिक रँकिंगवर आणि ग्रुपनुसार. आपण ग्रुप 'जी' मध्ये, दक्षिण-पूर्व आशिया आणि ओशनिया.

इथेच गंमत आहे. ग्रुपमध्ये ऑस्ट्रेलिया न्यूझीलंड आहेत म्हटल्यावर घाबरायला होतं, पण टोकियोच्या इव्हेंटिंगला ते टीम म्हणूनच गेले त्यामुळे वैयक्तिक रांगेतून बाजूला झाले, आणि २०१९ च्या शेवटी आपला इव्हेंटिंगचा रायडर फवाद मिर्झा ६४ पॉइंट मिळवून ग्रुपमध्ये पहिला राहिला. सिडनी २००० ला मुंबईचा इम्तियाज अनीस गेला होता, त्यानंतर थेट फवाद.

तबेला_नं_सात
वरचं बरोबर, पण अर्धीच गोष्ट झाली. कोट्याशिवाय एमईआर लागतो, म्हणजे किमान पात्रता, आणि तो एकट्या रायडरचा नसतो, रायडर अधिक घोडा या जोडीचा असतो. पॅरिसला ड्रेसाजसाठी ग्रँड प्रिक्समध्ये ६७ टक्के, तेही दोन वेगवेगळ्या शोंमध्ये. इव्हेंटिंगला टक्क्यांवर भागत नाही, क्रॉस कंट्रीत (मोकळ्या मैदानातली लांब धाव) अडथळ्यांवर क्लिअर पाहिजे, वेळेतही फार मागे राहून चालत नाही आणि शो जंपिंगला १६ पेनल्टीच्या आत. घोडा बदलला की त्याच्याबरोबर सगळं पहिल्यापासून.

अनुषचंच बघा ना, २०२३ च्या हांगझो एशियन गेम्सला ब्रॉन्झ एट्रो या घोड्यावर, पॅरिसला सर कॅरामेलो ओल्ड. म्हणजे नव्या घोड्याबरोबरही पात्रता करावी लागली. पॅरिसला ६६.४४४ टक्के आले, पहिल्या फेरीतल्या त्याच्या गटात नववा, पुढे नाही गेला.

फवादने तर टोकियोआधी दोन घोडे तयार ठेवले होते. पोलंडला बाबोरूफ्कोमध्ये दोघांवर पात्रता पूर्ण केली, आधी डजारा ४ चं नाव दिलं आणि मग ऐनवेळी सेन्यॉर मेडिकॉट. घोडा म्हणजे यंत्र नाही, पाय दुखला की चार वर्षं वाया, त्यामुळे दुसरा घोडा ही चैन नाही, गरज आहे. सेन्यॉरने ड्रेसाजला २८.०० पेनल्टी (इव्हेंटिंगला कमी तितकं चांगलं) दिला, क्रॉस कंट्रीत अडथळ्याचा एकही फॉल्ट नाही, फक्त वेळेची ११.२० पेनल्टी, आणि फायनल गाठून शेवटी २३ वा. माझ्या मते आपल्या घोडेस्वारीतला सगळ्यात कमी कौतुक झालेला निकाल.

मुंबईकर_मोतद्दार
भाऊ एक राहिलं, घोड्याचं नागरिकत्व 😀 मालक रायडरच्याच देशाचा लागतो ऑलिम्पिकला. पॅरिससाठी १५ जानेवारी २०२४ पर्यंत घोडा भारतीय मालकाच्या नावावर नोंदलेला पाहिजे होता. जर्मन मालकाचा भारी घोडा दोन महिने मागून आणला असं चालत नाही. फवादच्या मागे एम्बसी ग्रुप ही भारतीय कंपनी होती ते यासाठीच महत्त्वाचं. ग्रँड प्रिक्सचा तयार घोडा काय भावाला जातो ते इथे लिहीत नाही, भाचीचे आईवडील वाचत असतील.

रपेटवाला_पुणे
वाचतायत 😅 पण मग भारतात राहून भारतातल्या घोड्यावर हे होतच नाही का? अनुष जर्मनीत, फवाद जर्मनीत, सगळे तिकडेच.

डॉ_खूर
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मी व्हेट आहे म्हणून जरा बोलते.

घोडा देशाबाहेर जायचा तर समोरचा देश विचारतो की तुमच्याकडे कुठले रोग आहेत. ग्लँडर्स, सर्रा, पायरोप्लाझ्मोसिस, इन्फेक्शियस अॅनिमिया, इन्फ्लुएन्झा या यादीवर भारताची गाडी वर्षानुवर्षं अडली. म्हणून २०२३ च्या हांगझोच्या निवड चाचण्या युरोपात झाल्या, घोडे तिकडचेच, जर्मनीत आखेनला क्वारंटाइन करून मग चीनला. भारतात राहणारा रायडर चांगला असला तरी त्याला चाचणीसाठी युरोपात घोडा शोधायला लागला, आणि नवीन घोड्याशी सूर जुळायला वेळ लागतो हे वरती आलंच आहे. त्या टीमने (अनुष, दिव्यकृती सिंग, सुदीप्ती हाजेला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा) ड्रेसाजचं गोल्ड आणलं, १९८२ च्या दिल्लीनंतरचं घोडेस्वारीतलं पहिलं, आणि चौघेही युरोपात राहून तयार झालेले. यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, पण पात्रतेचा नियम कागदावर सगळ्यांना सारखा आणि प्रत्यक्षात ज्याला परदेशी राहणं परवडतं त्यालाच उघडा, हे मान्य करायला पाहिजे.

जरा आशा अशी की जुलै २०२५ ला मेरठच्या आरव्हीसी (लष्कराच्या पशुवैद्यकीय कोअरच्या) सेंटरमधल्या रोगमुक्त कंपार्टमेंटला, म्हणजे घोडे वेगळे ठेवायच्या जागेला, जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. म्हणजे तिथे ठेवलेला, तपासलेला घोडा बाहेर पाठवायचा कायदेशीर रस्ता आता आहे. पुण्यामुंबईचा घोडा आधी तिथे पोचून नियमाप्रमाणे राहिला पाहिजे, तो खर्च वेगळा.

जीन_आणि_लगाम
भाचीबद्दल कुणी बोललंच नाही. १३ म्हणजे एफईआयच्या हिशोबात ती 'चिल्ड्रन' गटात, १२ ते १४. पुढे १४ ते १८ ज्युनियर, १६ ते २१ यंग रायडर. ऑलिम्पिकला ड्रेसाजला किमान १६ आणि जंपिंग-इव्हेंटिंगला १८ लागतात, त्यामुळे आत्ता ऑलिम्पिकचा विषय घरात बंद ठेवलात तरी चालेल. रिजनल लीग खेळू दे, मग ज्युनियर नॅशनल. आणि क्लबला विचारा की वर्ल्ड जंपिंग चॅलेंज किंवा ड्रेसाज चॅलेंज करतात का. त्यात घोडा कुठेही न्यायचा नसतो, ठरलेला कोर्स इथेच लावतात, ड्रेसाजला बाहेरचा जज येतो, आणि निकाल इतर देशांच्या मुलांशी लावून बघतात. आपण कुठे आहोत ते कळायला यापेक्षा स्वस्त मार्ग नाही. तेरा वर्षांच्या मुलीला जर्मनीला पाठवायचा सल्ला कुणी दिला तर आधी विचारा की त्यात त्याचं कमिशन किती. अनुष गेला तेव्हा १७ चा होता.

रपेटवाला_पुणे
भारी माहिती, सगळ्यांचे आभार. तिने लगेच विचारलंय की क्लबचा घोडा चालतो का चॅलेंजला, की स्वतःचाच पाहिजे?

तबेला_नं_सात
क्लबचा चालतो. मालकी-नागरिकत्वाची भानगड ऑलिम्पिकची, इथे नाही. फक्त घोड्याचे कागद आणि लसी अपटुडेट आहेत का ते ऑफिसात विचारून घ्या, एंट्रीच्या आदल्या दिवशी कळलं की मग धावपळ होते.