मदत हवी आहे: १९८२ चा अमेरिकन सेंट तांब्याचा की जस्ताचा?

खटपट्या: १९८२ चे दोन सेंट आहेत. हातात घेतल्यावर एक जड वाटतो. त्या सालचं एक नाणं हजारो डॉलरला जातं म्हणे. माझं तेच आहे का? चुंबक लावून झालं, चिकटत नाही. उद्या एकाला दाखवायचंय, लवकर सांगा.

तांबट: सालाखाली टांकसाळीचं अक्षर आहे का? वजन किती? तारखेचे आकडे मोठे की छोटे? यातलं काहीच न सांगता "तेच आहे का" म्हणे! १९८२ ला चुंबकाचा उपयोग शून्य, तांबं चिकटत नाही आणि जस्तही नाही. ती परीक्षा १९४३ च्या सेंटची. युद्धासाठी तांबं वाचवायला ते पोलादावर जस्ताचा मुलामा देऊन पाडले होते.

नाद_खुळा: एवढं कशाला? बोटाच्या टोकावर ठेवून नखाने टिचकी मारा. तांब्याचं खणकन वाजतं, जस्ताचं बद्द.

तांबट: नवख्या कानाला ते जमत नाही. वजनच बघा. तांबं महाग झालं म्हणून १९८२ मध्ये मध्येच धातू बदलला. आधी ९५ टक्के तांबं, ५ टक्के जस्त, ३.११ ग्रॅम. नंतर जस्ताच्या चकतीवर तांब्याचा पातळ मुलामा. एकूण ९७.५ टक्के जस्त, २.५ ग्रॅम.

खटपट्या: स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही ३ ग्रॅम. दोन्हींवर डी, म्हणजे डेन्व्हरच्या टांकसाळीचं अक्षर. आता सांगा.

शून्यशेष: तो काटा पूर्ण ग्रॅमच दाखवतो, अडीचचेही तीन करतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. नसेल तर षटकोनी पेन्सिल टेबलावर ठेवून तिच्यावर ३० सेंमीची पट्टी रिकामीच तोलून घ्या. मग एका टोकाला कडेला भिडवून १९८१ चा सेंट, दुसऱ्या टोकाला तसाच तुमचा. तुमचा जस्ताचा असेल तर १९८१ ची बाजू लगेच बसते. तुलनेला १९४३ चा घेऊ नका, तो २.७ ग्रॅमचा.
हजारोंचं नाणं म्हणजे डी, छोटी तारीख आणि ३.११ ग्रॅम, तिन्ही एकत्र. असं पहिलं २०१६ मध्ये सापडलं. डेन्व्हरला छोट्या तारखेचे सेंट जस्ताचेच पाडायचे होते, चुकून तांब्याची चकती आत गेली. त्या वर्षीचे बाकी सातही प्रकार ढिगाने आहेत. छोट्या तारखेत ८ चं वरचं वर्तुळ खालच्यापेक्षा लहान असतं.

चकाचक: आधी चिंचेच्या कोळाने घासा, तारीख लख्ख दिसेल.

तांबट: कोणी विचारलं होतं? घासलेल्या नाण्याचा भाव पडतो. त्यात मुलाम्याला ओरखडा असेल तर आम्ल आत शिरून जस्त खातं आणि तांब्याचं टरफल उरतं.

भावताव: तांब्याच्या जुन्या सेंटमध्ये जवळजवळ ३ ग्रॅम तांबं. गोळा करून वितळवले तर?

शून्यशेष: डिसेंबर २००६ मध्ये त्यावर बंदी आली. १०,००० डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद. देशाबाहेर जातानाही खिशात पाच डॉलरचेच सेंट नेता येतात, हे भारतात पोतं आणू बघणाऱ्यांसाठी.

भावताव: आणि सरकार स्वतः एकेक सेंट ३.६९ सेंटला पाडत होतं! नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाला चलनातला शेवटचा पाडला तेव्हा कुठे थांबले.

खटपट्या: विषयावर या. हलक्याची तारीख छोटी, जड्याची मोठी. छोट्यावर लिंकनच्या खांद्याशी बारीक फोड आहेत. त्याने काही फरक पडतो का?

तांबट: हे आधी सांगायचं ना! मुलाम्याखाली वायू अडकला की फोड येतात. सबंध तांब्याच्या नाण्याला मुलामाच नसतो. म्हणजे जस्ताचं, किंमत एक सेंट. जड आहे ते तांब्याचं असेल, पण मोठ्या तारखेचं तांब्याचं डेन्व्हरने मुबलक पाडलंय.

नाद_खुळा: टिचकीने हेच पाच सेकंदांत कळलं असतं.

शून्यशेष: इतकी घाई नको. चकतीच्या धातूत खोट असेल तर तांब्याच्या नाण्यालाही पापुद्रा सुटतो आणि फोटोत तो फोडासारखाच दिसतो. दहापट भिंगाखाली बघा. कड उचललेली असेल तर पापुद्रा, चहूबाजूंनी बंद उंचवटा असेल तर फोड. सुईने टोचू नका. आणि पट्टीवर दोन्ही तोलून मगच उद्या दाखवायला न्या.