लाकडी जमिनीवर दगडी फरशी बसवायची आहे, मदत हवी आहे

इंग्लंडात जुन्या घराचं काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. लेस्टरमधलं आमचं टेरेस घर (म्हणजे रांगेतलं, शेजारच्या घरांना जोडून असलेलं) 1900 च्या आसपासचं आहे. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात फळ्या, फळ्यांखाली वासे आणि त्याखाली पोकळी. तिथे 15 मिमी जाडीची लाइमस्टोनची फरशी घालायची आहे. आपल्याकडे शहाबादीखाली कोबा नाहीतर स्लॅब असतो, गवंडी माल पसरून फरशी ठोकून बसवतो. इथे जमीनच हलते. टाच जोरात पडली की ओट्यावरच्या कपबश्या किणकिणतात.

दोन फळ्या उचलून बॅटरीने पाहिलं. वासे 100 × 50 मिमीचे, 400 मिमी अंतरावर, मधे विटांच्या बुटक्या भिंतीवर टेकलेले, आधारांमध्ये साधारण दीड मीटर. लाकूड कोरडं आहे, सुरी टोचत नाही. मागच्या भिंतीत गेलेलं एकच टोक मऊ लागतं. बाहेर नेमकी तिथलीच हवेची जाळीदार वीट मातीने बुजली होती, ती मोकळी केली.

फरशीवाला म्हणतो, फळ्यांवरच 6 मिमी प्लाय मारू, वर पीव्हीए (पांढरा लाकडी कामाचा गोंद) लावू आणि फरशी चिकटवू. मला हे अजिबात पटत नाही. हा दगड चौरस मीटरला सुमारे 40 किलो, खोली 11 चौरस मीटरची, म्हणजे नुसता दगडच सव्वाचारशे किलोच्या वर! फळ्या काढाव्यात की ठेवाव्यात? हॉलच्या दाराशी पातळी 25 मिमीहून जास्त वाढून चालणार नाही.

प्रतिसाद

फळ्या काढाच. 6 मिमी प्लायने जमीन ताठ होत नाही, आणि पीव्हीए ओलाव्याने पुन्हा मऊ पडतं. दगडाला सिरॅमिकपेक्षा कमी लवचीक जमीन लागते: अमेरिकेत दगडासाठी आधारांमधल्या अंतराच्या 1/720 इतकाच लवाव (वजनाने खाली वाकणं) धरतात, सिरॅमिकला 1/360. तुमच्या दीड मीटरला म्हणजे जेमतेम 2 मिमी.

आधी ते मऊ टोक कापा, शेजारी नवा वासा बोल्टने जोडा आणि भिंतीत जाणाऱ्या टोकाखाली ओल अडवणारा पट्टा घाला. मग वाशांच्या मधे आडवे ठोकळे घट्ट बसवा. वर 18 मिमी बाहेरच्या दर्जाचा प्लाय, त्याच्या कडा वाशावर किंवा ठोकळ्यावरच याव्यात, 150 मिमीवर स्क्रू. खिळे नकोत, ते सैल होतात. प्लायवर डिकपलिंग मॅट (लाकडाची हालचाल दगडापर्यंत पोचू न देणारी पातळ चटई) आणि एस1 किंवा एस2 दर्जाचं, म्हणजे थोडं लवणारं, पांढरं चिकटद्रव्य. करड्याची छटा फिकट लाइमस्टोनमधून दिसते. भिंतीलगत फट सोडून ती सिलिकॉनने भरा, दरजा भरण्याआधी दगडाला सीलर (डाग शोषू न देणारा द्रव) लावा. जुनी फळी 20 मिमीची धरली तर उंची 21-22 मिमीच वाढेल.

जमीन उघडी आहे तोवर वाशांमध्ये थंडीसाठी इन्सुलेशन भरून घ्या, फक्त त्या जाळीच्या विटांसमोरची हवा अडवू नका.