मदत हवी आहे : मंत्री नक्की कुणाचा माणूस?

नमस्कार मंडळी,

परळला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर अभ्यासिका आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी दर शनिवारी तिथे अकरावी-बारावीच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, आदल्या रात्री त्यांचंच पुस्तक वाचतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सांगतो.

गेल्या शनिवारी सत्ताविभाजन होतं. फळ्यावर तीन चौकोन काढले : कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. दिल्ली कुणी पाहिलेली नाही, म्हणून इथल्या इमारती सांगितल्या. विधानभवन कायदा करतं, मंत्रालय राबवतं, ओव्हल मैदानाच्या कडेचं हायकोर्ट निवाडा करतं. दिल्लीत हेच मोठ्या मापाचं : संसद, केंद्र सरकार, सुप्रीम कोर्ट. कुणी कुणाच्या अंगणात पाय ठेवायचा नाही, असंही ठासून सांगितलं.

मागून एक मुलगी म्हणाली, "काका, माझे बाबा मंत्रालयात कँटीनला आहेत. अधिवेशन असलं की सगळे मंत्री विधानभवनात असतात म्हणे. मग मंत्री नक्की कुणाचा माणूस?"

मी म्हटलं, "छान प्रश्न, पुढच्या वेळी बघू." ही पळवाट तिच्या ओळखीची असावी, कारण ती हसली.

घरी येऊन राज्यघटना उघडली तर गुंता वाढलाच. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वटहुकूम, म्हणजे तात्पुरता कायदा, काढतात; मग सरकारच कायदा करतं की! कोर्ट संसदेचा कायदा रद्द करतं ते वेगळंच. मग विभाजन उरलं कुठे? कृपया सोप्या भाषेत समजावा. शनिवार जवळ येतोय.

— परळचा मास्तर

फोर्टातली वकील :
काका, आधी ते तीन चौकोन पुसा. चूक तिथेच आहे.

कलम ७५ वाचा. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. खासदार नसलेल्याला मंत्री करता येतं, पण सहा महिन्यांत तो कुठल्याही सभागृहाचा सदस्य झाला नाही तर मंत्रिपद जातं. म्हणजे मंत्री संसदेत बसलेला घटनेलाच हवा आहे, रोज समोरासमोर जाब विचारता यावा म्हणून. अमेरिकेत याच्या उलट. हिलरी क्लिंटन २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा त्यांना सिनेटची जागा सोडावी लागली.

हे नजरचुकीने झालेलं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी दोन्ही पद्धती तोलून दाखवल्या. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं. पूर्ण विभाजन हवं असणारेही होते. प्रा. के. टी. शाह यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती सुचवली, ती फेटाळली गेली. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, तुझी शंका भल्याभल्यांना आली होती.

खरी भिंत आहे ती न्यायालय आणि सरकार यांच्यात. कलम ५० तेच सांगतं. पूर्वी शेतसारा वसूल करणारा मामलेदारच फौजदारी खटलेही चालवायचा. पकडणारे आणि शिक्षा देणारे एकाच कचेरीतले! हे तोडणारा कायदा आपल्या जुन्या मुंबई राज्याने १९५१ मध्येच केला. देशभर ती व्यवस्था नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आली, ती एप्रिल १९७४ पासून.

परळचा मास्तर :
आभार. म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या, मधलं दार उघडं, आणि तिसरं बिऱ्हाड भिंतीपलीकडे. हे मुलांना पटेल. पण वटहुकूम?

सदाशिवपेठी :
मी पुणेकर, तेव्हा उदाहरण पुण्याचंच देणार. (मुंबईकरांनी राग मानू नये. मानला तरी चालेल.)

वटहुकूम ही उसनवारी आहे. संसदेची दोन्ही सभागृहं एकाच वेळी चालू नसतील तेव्हाच तो काढता येतो, आणि अधिवेशन पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत संसदेने मंजूर केला नाही तर तो संपतो. राज्यात हाच अधिकार राज्यपालांना.

आता गंमत. आमच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या डी. सी. वाधवांनी बिहारची राजपत्रं चाळली. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम मुदत संपली की पुन्हा काढले जात होते. एक तर जवळजवळ १४ वर्षं असा जिवंत ठेवलेला! विधानसभेपुढे न्यायचंच नाही, अधिवेशन संपलं की पुन्हा काढायचा. वाधवा सुप्रीम कोर्टात गेले, आणि डिसेंबर १९८६ मध्ये कोर्टाने याला घटनेशी केलेली लबाडी ठरवलं. पुण्यातला एक प्राध्यापक, बिहारचं सरकार आणि दिल्लीचं कोर्ट. तुमचा अख्खा धडा या एका खटल्यात बसतो.

फोर्टातली वकील :
कोर्टाबद्दल थोडक्यात. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्ती बसले आणि ७ विरुद्ध ६ असा निकाल लागला : संसद घटना बदलू शकते, तिचा गाभा, म्हणजे मूलभूत चौकट, नाही. न्यायालयाचं स्वातंत्र्य त्या चौकटीत येतं, या आधारावर २०१५ मध्ये न्यायाधीश नेमणुकीचा आयोग ४ विरुद्ध १ ने रद्द झाला आणि निवड न्यायाधीशांकडेच राहिली. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडावेत का, यावर आमच्या बाररूममध्ये चहा गार होईपर्यंत भांडणं होतात. मला स्वतःला तो निकाल पूर्ण पटलेला नाही.

परळचा मास्तर :
सगळं उतरवून घेतलं. पण एक खडा राहिलाच. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, ते मी बँकेच्या टीव्हीवर पाहिलंय. लोकसभेला जबाबदार म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. पण १९८५ च्या पक्षांतरबंदीपासून पक्षादेश (मत कसं द्यायचं याचा पक्षाचा हुकूम) मोडला तर खासदारकी जाते. मग सत्ताधारी खासदार मंत्र्याला जाब विचारणार कसा? ही मुलगी तिथे येणारच.

फोर्टातली वकील :
येऊ द्या. खासदारकी जाते ती पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदान टाळलं तर. प्रश्नोत्तराच्या तासाला मतदान नसतं, प्रश्न कितीही बोचरा विचारता येतो. समित्यांमध्येही सरकारी अधिकाऱ्यांना उत्तरं द्यावी लागतात. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून प्रथेने विरोधकांकडे आहे. पण पक्षांतरबंदीने ते मधलं दार अर्धं लोटलंय, हे मुलांपासून लपवू नका.

परळचा मास्तर :
अर्धं लोटलेलं दार फळ्यावर कसं काढायचं, तेवढं आता बघतो. शनिवारी काय झालं ते इथेच लिहीन.