स्ट्रॉबेरीचं गोड आणि तिखट कॉम्पोट: पातळ राहतं, फोडी विरघळतात, गूळ चालेल का?

संगममाहुली:
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये भिलार-पाचगणीकडची बारकी स्ट्रॉबेरी साताऱ्याच्या मंडईत किलोवर मिळते. टपोऱ्या मालापेक्षा स्वस्त, पण आंबट, आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. दोन किलो घेऊन कॉम्पोटचे, म्हणजे साखरेत थोडकंच शिजवलेल्या फळाचे, दोन प्रकार करायचे आहेत. एक गोड, श्रीखंडावर किंवा आंबोळीबरोबर घ्यायला. दुसरं तिखट-आंबट, थालीपीठ किंवा तव्यावर परतलेल्या पनीरबरोबर. जॅम नकोय, फळ दिसलं पाहिजे.
नेटवरच्या कृतींत सगळं एकत्र घालून 20 मिनिटं उकळायला सांगतात. त्यानं रस पातळच राहतो, आणि आटवत बसलं की फोडींचा लगदा होऊन रंग विटकरी होतो. कुठे चुकतं? साखरेऐवजी गूळ चालेल का? तिखट प्रकारात कांदा कधी घालायचा? आणि बरणी फ्रिजबाहेर किती दिवस टिकेल?

वाईचा_घाट:
तुम्ही जे लिहिलंय त्यात उत्तर आहेच: 20 मिनिटं. स्ट्रॉबेरीत 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते फळासकट आटवायला गेलं की फळ शिजून संपतं आणि पाणी उरतं. म्हणून आधी रस वेगळा काढायचा, फक्त रस आटवायचा आणि फळ शेवटी घालायचं.

1 किलो निवडलेल्या फळाला 200 ग्रॅम साखर. फार आंबट माल असेल तर 250, त्यापुढे नको. फळ धुताना हिरवी टोपी तशीच ठेवा. टोपी काढून धुतलं तर फळ पाणी पितं. धुऊन कापडावर कोरडं करा, मग टोप्या काढा. बारकी अख्खी ठेवा, मोठी अर्धी करा. साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस घालून अलगद वर-खाली करा आणि झाकून दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. दीड-दोन वाट्या रस सुटेल. तो गाळणीवर निथळू द्या, पण फळ दाबू नका.

आता पसरट, जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात रस मोठ्या आचेवर आटवा. भांडं पसरट हवं, उभ्या पातेल्यात याच कामाला दुप्पट वेळ जातो आणि तेवढा रंग जातो. सहा-आठ मिनिटांत रस निम्मा होतो, बुडबुडे मोठे आणि चकचकीत दिसायला लागतात. तेव्हा फळ घाला आणि मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा. चमच्यानं ढवळू नका, भांड्याचे कान धरून हलवा. वर आलेला फेस काढा आणि उतरवा. एवढंच. 1 किलोचं तयार कॉम्पोट 900 ते 950 ग्रॅम भरलं तर आटणं बरोबर झालं.

उतरवल्यावर फळ फिकट आणि पाक लालभडक दिसेल. घाबरू नका. रात्रभर पाकात राहिलं की फळ रंग परत ओढून घेतं आणि फुगतं. गरम असताना पाक पातळ वाटतो म्हणून पुन्हा गॅसवर चढवणं, हाच सगळ्यात मोठा घोळ. थंड बशीवर थेंब टाकून बोटानं रेघ ओढा. कडा सावकाश जवळ आल्या की झालं. रेघ तशीच राहिली तर तुम्ही जॅमच्या वाटेला लागलात.

वेलची मला यात पटत नाही, स्ट्रॉबेरीचा वास झाकून टाकते. त्यापेक्षा लिंबाची किसलेली साल, तीही उतरवल्यावर. श्रीखंडावर घेणार असाल तर फोडी निथळून घ्या, नाहीतर चक्का सैल होतो. गरम दुधात अजिबात घालू नका, फाटतं.

पाचगणी_पठार:
वरच्याशी सहमत. दोन भर घालते.

जात बघून घ्या. स्वीट चार्ली गोड असते पण मऊ, तिला गॅसवर दोन मिनिटं पुरतात. कॅमारोसा घट्ट असते, ती चार मिनिटं तग धरते. विकणाऱ्याला विचारलं तर सांगतात. मिश्र माल असेल तर दाबून दोन ढीग करा: घट्ट फळ गोड कॉम्पोटला, मऊ पडलेलं तिखटाला. तिखटात फळ मोडलं तरी बिघडत नाही. बुरशीचा ठिपका असलेलं मात्र कापून वापरू नका, अख्खं टाका.

दुसरं, परदेशी कृतीतला थर्मामीटरचा आकडा इथे जसाच्या तसा वापरू नका. समुद्रसपाटीला जॅम 104-105 अंशांना जमतो. पाचगणी-महाबळेश्वरच्या उंचीवर पाणीच 95-96 ला उकळतं, साताऱ्यात 97-98 ला. म्हणजे 105 ची वाट बघत बसलात तर पाक गरजेपेक्षा फार घट्ट होईल. कॉम्पोटला थर्मामीटर लागतच नाही, बशी पुरे.

तासगावचा_बेदाणा:
तिखट प्रकाराबद्दल. मेथांबा ज्याला जमतो त्याला हे अवघड नाही, फक्त क्रम सांभाळायचा.

स्ट्रॉबेरी 500 ग्रॅम, बारीक उभा चिरलेला कांदा 150 ग्रॅम, तेल एक मोठा चमचा, आलं एक इंच किसून, हिरव्या मिरच्या दोन, जाडसर कुटलेली काळी मिरी अर्धा चमचा, मीठ पाऊण चमचा, साखर 60 ग्रॅम, व्हिनेगर तीन मोठे चमचे, बेदाणा 50 ग्रॅम.

आधी तेलात कांदा आणि मीठ, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, कांदा पारदर्शक आणि पूर्ण मऊ होईपर्यंत. रंग येऊ द्यायचा नाही. कांदा पुरता शिजल्याशिवाय आंबट काहीही घालायचं नाही. आंबटात कांद्याच्या पेशींच्या भिंती सैल होत नाहीत, मग कितीही उकळा, तो कचकचीतच राहतो. स्ट्रॉबेरी, व्हिनेगर, कांदा एकदम घातले की हेच होतं, आणि कांदा शिजायची वाट बघताना फळाचा बळी जातो.

मग आलं-मिरची मिनिटभर परता. साखर, बेदाणा आणि दोन चमचे व्हिनेगर घालून तीन-चार मिनिटं. त्यानंतर चिरलेली स्ट्रॉबेरी, पाच-सहा मिनिटं मोठ्या आचेवर. उरलेला एक चमचा व्हिनेगर आणि काळी मिरी गॅस बंद करून. सगळं व्हिनेगर आधीच घातलं तर त्याचा झणका उडून जातो, चव नुसती गोड लागते.

बेदाणा दाटपणासाठी आहे. फळाचं पाणी तो पितो, म्हणून इथे रस वेगळा आटवायची गरज पडत नाही. पण पिवळा बेदाणा घेतलात तर त्याला बहुतेक वेळा गंधकाची धुरी दिलेली असते आणि गंधकानं फळाचा लाल रंग उडतो. कोमट पाण्यात 10 मिनिटं भिजवून ते पाणी फेकून द्या. काळा बेदाणा असेल तर नुसता धुतला तरी चालतो.

गरम कॉम्पोट चाखून मीठ-तिखट ठरवू नका. दुसऱ्या दिवशी तिखटपणा वर येतो आणि आंबटपणा मुरतो. थालीपिठाबरोबर असेल तर मिरची वाढवा. पनीरबरोबर मिरी.

कृष्णाकाठ_कराड:
गुळाचं बोलतो. चालतो, पण स्ट्रॉबेरीच्या गोड प्रकारात घालू नका.

स्ट्रॉबेरीचा लाल रंग आंबटात लाल राहतो. आंबटपणा मोडला की तो जांभळट-तपकिरी व्हायला लागतो. गुळाचा स्वतःचा रंग तपकिरी, त्यात रस स्वच्छ करताना चुना किंवा सोडा वापरलेला असेल तर तो फळाचा आंबटपणा थोडा मारतो. म्हणजे दोन्हीकडून रंग जातो. शिवाय गुळाचा खमंग वास हलक्या फळावर चढून बसतो. तिखट प्रकारात 60 ग्रॅम साखरेच्या जागी 70 ग्रॅम गूळ खुशाल घ्या, दोन चमचे पाण्यात विरघळवून, गाळून. कचरा निघतोच. व्हिनेगर अर्धा चमचा वाढवा.

गूळ खरा जमतो करवंदाला. एप्रिल-मेमध्ये जावळी, पाटणकडून काळी पिकलेली करवंदं येतात, ती घ्या. हिरवट-लाल असतील तर चीक निघतो. हाताला तेल लावा आणि चिरून अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवा. अर्धा किलो करवंदाला अर्धी वाटी पाणी, झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. निम्मी चाळणीवर चोळून बिया काढा, निम्मी अख्खी राहू द्या. मग 175 ग्रॅम गूळ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, लाल तिखट, सैंधव, आणि आणखी चार मिनिटं. हे स्ट्रॉबेरीच्या उलट वागतं. करवंदात पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा घटक) भरपूर, त्यामुळे थंड झाल्यावर आपोआप घट्ट होतं. गॅसवर असताना सरबरीत वाटेल तेव्हाच उतरवा.

तुती मिळाली तर तिला लिंबू जास्त लागतं, अर्धा किलोला एक पूर्ण, कारण तिच्यात आंबटपणाच कमी. देठ कात्रीनं कापा, ओढायला गेलात की फळ फुटतं.

आणि अॅल्युमिनियमची कढई, लोखंडी तवा, कल्हई नसलेलं पितळ, काहीही नको. आंबट रस धातूला लागतो, चव कडवट होते आणि रंग निळसर-काळा.

संगममाहुली:
सगळ्यांचे आभार, कांद्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं. दोन शंका. कॉर्नफ्लोअर लावलं तर वाईट का? आणि मुंबईला नातेवाइकांकडे बरणी पाठवायची आहे, बाहेर टिकेल?

वाईचा_घाट:
कॉर्नफ्लोअर वाईट नाही, केकच्या थरात भरायचं असेल तर लागतंच. अर्धा किलो फळाला एक सपाट चमचा, दोन चमचे गार पाण्यात कालवून, शेवटी, आणि घातल्यावर मिनिटभर उकळायचं. कमी उकळलं तर पिठूळ लागतं. फार उकळलं तर आंबटपणामुळे ते पुन्हा पातळ होतं, आणि लोक मग आणखी एक चमचा घालतात. फ्रीझरमध्ये ठेवायच्या कॉम्पोटला लावू नका, वितळल्यावर पाणी सोडतं.

बाहेर टिकणार नाही. जॅम टिकतो कारण त्यात विरघळलेली साखर 65 टक्क्यांच्या घरात असते. आपण पंचवीस-तीसच्या पुढे जात नाही. बरणी 10 मिनिटं उकळून, पूर्ण कोरडी करून, गरम असतानाच भरली तरी गोड प्रकार फ्रिजमध्ये 10-12 दिवस. फ्रीझरमध्ये डब्यात वर दोन सेंटिमीटर जागा सोडून ठेवलात तर सहा महिने.

तिखटाला अजून जपा. कांदा-आल्यानं आंबटपणा कमी होतो, त्यामुळे ते फ्रिजमध्ये आठवडाभरच. वर तेलाचा थर दिला की लोणच्यासारखं टिकेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. लोणच्याला मीठ राखतं, इथे ते तेवढं नाही. तेलाखाली हवा नसते आणि घातक जंतूंना तेच हवं असतं. बुडबुडे, दारूसारखा वास, फुगलेलं झाकण, बुरशीचा एक ठिपका, यातलं काहीही दिसलं तर वरचं काढून खालचं खाऊ नका, सगळं फेका. मुंबईला द्यायचं तर गोठवून, बर्फाच्या डब्यात, हातोहात.

पाचगणी_पठार:
दोन किलो एकाच भांड्यात करू नका एवढं लक्षात ठेवा. थर जाड झाला की फळ वाफेवर शिजतं, पाणी उडत नाही. किलो-किलोचे दोन घाणे काढा. त्याच दिवशी वेळ नसेल तर टोप्या काढून ताटात सुटी मांडून गोठवा, मग पिशवीत भरा. गोठलेलं फळ साखरेत घालूनच वितळू द्या. रस जास्त सुटेल, तो आटवायला दोन-तीन मिनिटं जादा लागतील, आणि फळाला मात्र दोनच मिनिटं आच द्या, कारण गोठल्यानं ते आधीच मऊ झालेलं असतं.