अलॉटमेंटचं पहिलं वर्ष: काय पेरलं आणि काय उगवलं

सरीवरंबा
शनिवारी सकाळी प्लॉटवर गेले तर पलीकडून रोटाव्हेटरचा आवाज. शेजारचा प्लॉट दीड वर्ष ओस पडला होता, तो आता एका तरुण जोडप्याला मिळालाय. नवेकोरे गमबूट, भाड्याने आणलेलं यंत्र, चेहऱ्यावर गड सर केल्याचा आनंद. माझ्या पोटात गोळाच आला. नऊ वर्षांपूर्वीच्या मार्चमधे आम्ही अगदी हेच केलं होतं.

रेडिंगजवळ अर्धा प्लॉट, चार वर्षं यादीत नाव लावून मिळालेला. किल्ली हातात आली त्याच रात्री बाबांना व्हिडिओ कॉल. ते कोरेगावचे, अर्धं आयुष्य शेतात गेलेलं. म्हणाले, "आधी नांगरट करून घे, ढेकळं उन्हात तापू देत, हराळी आपोआप मरते." बाबांचं काही चुकलं नव्हतं. कोरेगावला चैत्र-वैशाखात मरतेच. पण इथलं मार्चचं ऊन म्हणजे ट्यूबलाइट, नुसता उजेड. रोटाव्हेटर फिरवल्यावर जमीन इतकी देखणी दिसली की तो फोटो नवऱ्याने अजून जपून ठेवलाय. तीन आठवड्यांनी सगळा प्लॉट हिरवा! यंत्राने काउच ग्रास आणि बाइंडवीड या इथल्या चिवट तणांच्या मुळांचे बोटबोटभर तुकडे करून अख्ख्या रानात पेरून ठेवले होते. प्रत्येक तुकड्याला कोंब. बाइंडवीडची मुळं पाहिली आहेत का? पांढरीशुभ्र, शिजलेल्या शेवयांसारखी. ओढली की कट्कन तुटतात, आणि खाली राहिलेली शेवई आठवड्याने वर येऊन हसते.

मे महिन्यात हात टेकले. तीन भाग जमीन पुठ्ठे आणि काळं प्लास्टिक टाकून झाकली, उरलेल्या एका भागात फोर्कने खणून एकेक मूळ बादलीत वेचलं. त्या वर्षी जे काही खाल्लं ते त्या पाव भागातलं. बटाटे, मेथी आणि प्रमाणाबाहेर कूर्जेट (म्हणजे झुकिनी).

तुमचं पहिलं वर्ष कसं गेलं? लिहा. यूकेचंच हवं असं नाही.

मंद_आच
रक्तबीज!! हहपुवा

बंड्याची_आई
शीर्षक वाचून वाटलं म्हाडाची लॉटरी लागली कोणाला तरी. अभिनंदन करायला आले तर इथे शेवया.
हे अलॉटमेंट प्रकरण नक्की काय आहे?

सरीवरंबा
@बंड्याची_आई, म्हाडासारखंच आहे, फक्त छप्पर नाही :) कौन्सिल भाजीपाल्यासाठी वार्षिक भाड्याने जमिनीचा तुकडा देतं. १९०८ चा कायदा आहे त्यासाठी. पूर्ण प्लॉट दहा रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. माझा अर्धा, सव्वा गुंठा. राहायचं नाही, भाजी विकण्याचा धंदा करायचा नाही. पिकवायचं, खायचं आणि उरलेले कूर्जेट लोकांच्या दारात ठेवून पळून जायचं.

बंड्याची_आई
सव्वा गुंठ्यासाठी चार वर्षं रांग! इथे आमच्या सोसायटीत गच्चीवर चार कुंड्या ठेवल्या तर मीटिंग बोलावतात. गळतीचं कारण सांगतात. गळती कुंड्यांच्या आधीपासून आहे. असो, तो वेगळा धागा होईल.

थंडगार
मँचेस्टर. २०१९. मेच्या पहिल्या बँक हॉलिडेला बाहेर ठेवली चोवीस टोमॅटोची रोपं. दोन महिने खिडकीत वाढवलेली, प्रत्येकाला मुलीने नाव ठेवलेलं. दोन रात्री नीट गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पालकाच्या भाजीसारखी काळपट लिबलिबीत. मुलीला सांगितलं झोपलेत. ती म्हणाली, बाबा मेलेत ते.
आता मे संपेपर्यंत टोमॅटोला दार दाखवत नाही. बाजूचे आजोबा तर जूनची वाट बघतात.

मंद_आच
"बाबा मेलेत ते" :( पण मुलगी खमकी आहे

राईनकाठी
थंडगार, इकडे जर्मनीत यावर तारखाच ठरलेल्या आहेत. ११ ते १५ मे हे आइसहायलिगं, म्हणजे बर्फाचे संत. शेवटची ती थंड सोफी. सोफी गेल्याशिवाय टोमॅटो लावला तर शेजारीण तोंडावर वेडा म्हणते. आपलं रोहिणी-मृग तसंच हे.

माझा क्लाइनगार्टन आहे, म्हणजे इकडची अलॉटमेंट. नियमांची वही सातबाऱ्यापेक्षा जाड. १९८३ चा कायदा: बाग ४०० चौरस मीटरच्या वर असू नये, खोपटं २४ चौरस मीटरपर्यंत. निदान एक तृतीयांश जमिनीत फळं-भाज्या हव्यात, नुसती हिरवळ लावून खुर्ची टाकून बसता येत नाही. मी पहिल्याच रविवारी दुपारी दीड वाजता खोपट्याचा पत्रा ठोकायला घेतला. चार खिळे झाले असतील. पाच कुंपणांवरून पाच डोकी वर आली, एकही शब्द न बोलता. एकाने फक्त घड्याळ दाखवलं. दुपारी एक ते तीन शांतता, आणि रविवारी तर दिवसभर.

बंड्याची_आई
१ ते ३ शांतता! म्हणजे पुण्याची एक शाखा आहे तिकडे

राईनकाठी
:D :D बायको पुण्याचीच आहे. तिला पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटतंय.

निफाडचा_नातू
सरीवरंबा तुमच्या वडिलांना दंडवत सांगा. हराळी आणि लव्हाळा या दोघांनी भल्याभल्यांना रडवलंय. आमचे आजोबा उन्हाळ्यात खोल नांगरट करून रान मे अखेरपर्यंत उघडं टाकायचे. वर आलेल्या काशा उन्हाने कडकडीत वाळल्या की गोळा करून पेटवायच्या. ऊन नसेल तर नांगरट म्हणजे तणाची लागवडच. त्यात रोटाव्हेटर म्हणजे मिक्सर. आमच्याकडे पण लोक हराळीत घालतात आणि मग बोंबलतात.
बाकी सव्वा गुंठ्याला "रान" म्हटलेलं बघून गंमत वाटली. आमचा बांध मोठा असेल. ह. घ्या.

सरीवरंबा
हलकेच घेतलं :) बाबाही तेच म्हणतात, "बांधावरची शेती कशी चाललीय?"

नीलाक्षी_लेस्टर
कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते.

पहिल्या वर्षी सासूबाई आल्या होत्या एप्रिलमधे. मी वाफा खुरपत होते, त्या काठी टेकत प्लॉटभर फिरल्या. घरी येऊन बघते तर ओट्यावर बेसन भिजवलेलं, चिंच-गूळ तयार, आणि पिशवीत ही मोठाली पानं. "अगं एवढा अळू लावलाय आणि सांगितलं नाहीस!" माझ्याकडे अळू कुठला? तो रुबार्ब. आधीच्या माणसाने लावून ठेवलेला. त्याचे लाल देठ शिजवून खातात, पान विषारी असतं, ऑक्झॅलिक आम्ल भरपूर. मला त्या दिवशी हे माहीत नव्हतं हो! नशिबाने पिशवी घेऊन येताना त्यांनी फाटकाशी बसलेल्या इंग्लिश आजोबांना कौतुकाने पानं दाखवली होती. त्यांना भाषा कळेना, पण ते आमच्यामागे घरापर्यंत आले. धापा टाकत दारात उभे, हाताने "नो नो" आणि गळ्यावरून बोट फिरवून दाखवतायत. सासूबाई म्हणतात, घसा खवखवतो म्हणतायत, चिंच घालतेय म्हणावं.

त्या बेसनाचा मग पिठलं-भात झाला. आजोबांना जेवूनच पाठवलं. शिट्टी झाली, जाते.

मंद_आच
"चिंच घालतेय म्हणावं" हे मी फ्रेम करून लावणार आहे. ऑफिसात हसू दाबताना ठसका लागला.

खुरपं
वडीवरून आठवलं, इथे अळू जगवलाय का कोणी? माझा नोव्हेंबरात गेला.

नीलाक्षी_लेस्टर
बाहेर नाही टिकत. कुंडीत लावा, सप्टेंबरअखेर घरात घ्या. मेथीला मात्र काही लाड लागत नाहीत. किराणा दुकानातले मेथीदाणे रात्रभर भिजवून एप्रिलमधे पेरा. धणे हलकेच रगडून दोन फाकी करून.

शेतातली_शहरी
शेणखताबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? मी पहिल्या वर्षी एका तबेल्यातून घोड्याच्या लिदीचं खत आणलं. फुकट होतं, आनंदाने बारा पोती टाकली. चांगलं कुजलेलं, वासही नाही. जूनमधे टोमॅटोचे शेंडे नेच्यासारखे आत वळायला लागले, पानं दोऱ्यासारखी बारीक. मला वाटलं रोग पडला, म्हणून पाणी वाढव, कमी कर, सगळे उद्योग केले. घेवडाही तसाच. मग एका जुन्या प्लॉटधारकाने सांगितलं की हे तणनाशक आहे, अमिनोपायरॅलिड. कुरणातली रुंद पानांची तणं मारायला फवारतात. ते गवतातून घोड्याच्या पोटात आणि तिथून लिदीत जसंच्या तसं उतरतं. गवताला काही होत नाही, त्यामुळे घोडेवाल्याला पत्ताच नसतो. टोमॅटो, बटाटा, घेवडा, वाटाणा यांना मात्र ते नडतं.

आता कुठलंही खत आणलं की आधी दोन कुंड्या करते. एकीत ते खत मिसळून आणि दुसरीत साधी माती, दोन्हीत ब्रॉड बीन्स. तीन-चार आठवडे बघायचं. पानं सरळ आली तर पोती प्लॉटवर.

खुरपं
बापरे. माझ्याकडे गेल्या रविवारीच आठ पोती आलीत. आज ऑफिसातून येताना बीन्स घेते.

थंडगार
कोंबड्या पाळता येतात का हो अलॉटमेंटवर? मुलीचा हट्ट आहे. टोमॅटो गेल्यापासून मी कर्जात आहे.

सरीवरंबा
इंग्लंडात १९५० च्या कायद्याने कोंबड्या आणि ससे घरापुरते ठेवता येतात. कोंबडा नाही. तरी आधी साइटवर विचारा.

निफाडचा_नातू
कोंबडा झाकून ठेवायचा मग

बंड्याची_आई
तांबडं फुटल्यावर कमिटीची नोटीस येईल ना पण

जाईजुई_००
नोटिशीवरून लिहितेय. आधी नव्हते लिहिणार.
माझा प्लॉट गेला. मार्चमधे मिळाला, मे महिन्यात बाळ झालं, सातव्या महिन्यातच. दोन महिने दवाखान्यातच होतो. ऑगस्टमधे पत्र आलं, जमीन लागवडीखाली नाही, अठ्ठावीस दिवसांत सुधारा. उत्तर लिहायचं राहून गेलं. चूक माझीही होतीच, एक मेल टाकायला हवा होता. पण सचिवबाईंना माहीत होतं, मी पोट घेऊन पुठ्ठे टाकताना त्यांनी बघितलं होतं. लेक आता पाच वर्षांची आहे, ठणठणीत. फाटकावरून जाताना म्हणते, आई इथे आपलं शेत होतं ना.
यादीत पुन्हा नाव घातलंय.

सरीवरंबा
जाईजुई, खूप वाईट वाटलं वाचून. कुठल्या भागात आहेस? जवळ असशील तर माझा एक वाफा तुझा. खरंच. व्यनि करते.

राईनकाठी
लेकीला पेरायला मुळा द्या, २५-३० दिवसांत दिसतो. मुलांना बटाट्याइतका दम नसतो.

खुरपं
बटाट्याचं सांगा ना कोणी. बेणं आणलंय, अंड्याच्या ट्रेमधे डोळे वर करून खिडकीत ठेवलंय, कोंब आलेत. लावू का आता?

थंडगार
फर्स्ट अर्ली (सगळ्यात लवकर येणारी जात) असतील तर मार्चअखेरीस. वीतभर खोल नको, चार-पाच इंच पुरे. दोन बेण्यांत फूटभर, दोन सऱ्यांत दोन फूट. कोंब वर आले आणि रात्री गारठा पडणार असेल तर माती ओढून झाकून टाकायचे. इथले म्हातारे गुड फ्रायडेचा मुहूर्त धरतात.

नीलाक्षी_लेस्टर
मी पाडव्याला एक तरी लावतेच. गुढीच्या कडुनिंबाऐवजी तेवढंच.

मंद_आच
अवांतर: कूर्जेटचं थालीपीठ कोणी केलंय का? माझ्याकडे प्लॉट नाही पण शेजारी दारात ठेवून पळून जातात.

नीलाक्षी_लेस्टर
किसून, मीठ लावून, घट्ट पिळून. नाहीतर तव्यावर पसरेल. पिळलेलं पाणी भाजणीतच.

खुरपं
सरीवरंबा, त्या शेजारच्या जोडप्याचं काय झालं शेवटी? सांगितलंत का त्यांना?

सरीवरंबा
सांगायला गेले तोवर निम्मा प्लॉट फिरवून झाला होता. मी काही बोलायच्या आत त्या मुलाने हसत विचारलं, "कसं दिसतंय?" मी म्हटलं, सुंदर. काय करू, नऊ वर्षांपूर्वी मलाही कोणी तसं विचारलं असतं तर तेच ऐकायचं होतं. मग म्हटलं उरलेला निम्मा राहू द्या, माझ्याकडे पुठ्ठे आहेत. आज दोघं येऊन सायकलच्या दुकानातले मोठे खोके घेऊन गेलेत.

खुरपं
पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी काढायची का?

सरीवरंबा
काढाच. मी कंटाळा केला होता. अजून बटाटे खणताना "नाजूक वस्तू" लिहिलेली लाल पट्टी निघते.