घरासाठी बीन-टू-कप कॉफी मशीन कोणतं घ्यावं? सल्ला हवाय

पहाटपाखरू:
मंडळी, मदत करा. घरात कॉफी पिणारे तिघं, त्यातल्या दोघांना दुधाची फेसवाली लागते आणि मला काळी. सध्या फ्रेंच प्रेसवर भागतंय, पण सकाळी बिया दळा, पाणी तापवा, थांबा, मग तो चोथा काढून भांडं धुवा हे सगळं करायला घाईत कोणीच तयार नसतं, म्हणून आता बटण दाबलं की स्वतः बिया दळून कप भरणारं मशीन घ्यायचं ठरतंय. पण जाहिराती वाचून डोकं फिरलंय. कोणी १५ बार म्हणतं कोणी १९ बार, कोणाकडे आठ ड्रिंक्स तर कोणाकडे अठरा, वर टचस्क्रीन आणि अ‍ॅप. यातलं खरंच कामाचं काय? आणि साफसफाई किती करावी लागते ते खरं खरं सांगा.

दाणेदार:
बारचा आकडा सोडून द्या. एस्प्रेसो (दाबाने काढलेली छोटी, दाट कॉफी) निघताना कॉफीवर साधारण ९ बार दाब लागतो, डब्यावरचा १५ नाहीतर १९ हा पंप जास्तीत जास्त किती ढकलू शकतो त्याचा आकडा आहे, त्याने चवीत काही फरक पडत नाही. ड्रिंक्सचंही तसंच. एस्प्रेसो, दूध आणि गरम पाणी या तिघांचीच उलटसुलट जुळवाजुळव असते, महिनाभरात घरातला प्रत्येक जण आपापल्या एका बटणावर स्थिरावतो.

मी मशीन बघताना सगळ्यात आधी ब्रू युनिट बाहेर निघतं का ते बघतो. ब्रू युनिट म्हणजे ज्यात दळलेली कॉफी दाबली जाते आणि पाणी जातं तो भाग. फिलिप्स, सेको, गॅजिया, डेलॉन्गी यांच्या घरगुती मशीनमध्ये तो बाजूचं किंवा पुढचं दार उघडून काढता येतो, आठवड्यातून एकदा नुसत्या कोमट पाण्याखाली धुवायचा (साबण नको, त्यावरचं ग्रीस जातं), वाळवून परत बसवायचा. युरा (Jura) कंपनीच्या मशीनमध्ये तो आतच असतो आणि गोळी टाकून मशीन स्वतः धुतं. दोन्ही पद्धती चालतात, पण आत काय साठलंय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडत नसेल तर निघणारंच घ्या. मी त्यातला आहे. (घरगुती फुल ऑटोमॅटिक, म्हणजे हेच बीन-टू-कप, हा प्रकार सेकोने १९८५ मध्ये आणला, पुढे २००९ मध्ये फिलिप्सने सेकोच घेतली, म्हणून त्या दोघांची मशीन आतून बरीच सारखी दिसतात.)

कडवट_काका:
माझं ऐका, ऑटोमॅटिकच्या नादी लागू नका. त्याच पैशात चांगला ग्राइंडर आणि हँडलवालं साधं एस्प्रेसो मशीन येईल. ऑटोमॅटिकमध्ये एका वेळी ७ ते ११ ग्रॅमच्या आसपास कॉफी पडते, आम्ही डबल एस्प्रेसोला १८ ग्रॅम घालतो. चवीत जमीन-अस्मानाचा फरक!!

दाणेदार:
काका, मुद्दा बरोबर आहे पण त्यांना सकाळी दळायलाही वेळ नाही म्हणतायत, तुम्ही त्यांना टँपर (दळलेली कॉफी दाबायचा ठोकळा) हातात घेऊन उभं करताय 😄

फेसबहाद्दर:
तिघांत दोघं दूधवाले असतील तर सगळा निर्णय दुधावर करा, बाकी मशीन उन्नीस-बीस असतात. तीन प्रकार आहेत. एक म्हणजे वाफेची दांडी, दूध जगमध्ये धरून फेस आपण काढायचा, धुणं सगळ्यात सोपं कारण ओल्या फडक्याने पुसली, थोडी वाफ सोडली की झालं, पण घाईच्या वेळी हे कोणी करणार नाही. दुसरा, मशीनला लागणारा दुधाचा डबा, उरलेलं दूध डब्यासकट फ्रीजमध्ये जातं. तिसरा, बारीक नळी दुधाच्या भांड्यात सोडायची. या नळीत दूध राहिलं की काय वास येतो ते विचारू नका, रोज धुवायची तयारी असेल तरच घ्या. फिलिप्सच्या लॅटेगो नावाच्या दुधाच्या डब्यात नळीच नाही, दोन तुकडे सुटे होतात आणि नळाखाली धरले की काम झालं. डेलॉन्गीच्या लॅटेक्रेमा डब्याला वर एक चकती असते, ती फिरवून फेस कमीजास्त करता येतो आणि साफ करायच्या खुणेवर नेली की आतून गरम पाणी-वाफ फिरते, पण मधूनमधून सगळे भाग सुटे करून धुवावेच लागतात.

अजून एक, ऑटोमॅटिकचं दूध चटका बसेल इतकं गरम कधीच येत नाही. कोणाला उकळती कॉफी लागत असेल तर आधी कपात गरम पाणी फिरवून घ्या नाहीतर पहिल्याच दिवशी तक्रार येईल.

पहाटपाखरू:
बापरे, केवढी माहिती, धन्यवाद सगळ्यांना! काका तुमचं म्हणणं पटतंय पण आमच्याकडे ते होणार नाही 🙏 अजून दोन शंका. बिया कोणत्याही चालतात का, आणि पाणी आरओचं घालू की साधं?

क्षारशत्रू:
बियांबद्दल: काळ्याकुट्ट, तेलाने चमकणाऱ्या बिया घालू नका. त्या हॉपरला (मशीनवरच्या बियांच्या डब्याला) चिकटतात, खाली सरकत नाहीत, वर बिया दिसत असून मशीन बिया संपल्या म्हणतं, आणि ते तेल ग्राइंडरमध्ये बसतं. मीडियम रोस्ट (मध्यम भाजलेल्या), कोरड्या दिसणाऱ्या घ्या, पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. साखर किंवा फ्लेवर चढवलेल्या बिया तर अजिबात नको. हॉपर एकदम गच्च भरू नका, दोनचार दिवस पुरेल एवढ्याच टाका. पावडर टाकायचा वेगळा खण असतो तो दळलेल्या कॉफीसाठी, रात्री कोणाला डीकॅफ (कॅफीन काढलेली) हवी असेल तर उपयोगी, पण त्यात इन्स्टंट कॉफी टाकली तर ती आतच चिकट होऊन बसेल.

पाण्याबद्दल: आरओ चालतं, क्षार कमी साठतात, पण पाण्यात क्षार फारच कमी असतील तर कॉफी सपक लागते आणि काही मशीनच्या टाकीतला सेन्सर तसलं पाणी ओळखत नाही, म्हणून मॅन्युअल वाचा. मशीनसोबत पाण्याचा कडकपणा (क्षारांचं प्रमाण) मोजायची पट्टी येते, ती बुडवा आणि येईल तो आकडा सेटिंगमध्ये टाका. बहुतेक जण हे करतच नाहीत, आणि मशीन त्याच आकड्यावरून डीस्केलिंग (आत साठलेले क्षार काढणं) कधी मागायचं ते ठरवतं. व्हिनेगर वापरू नका, रबरी सील खराब होतात आणि वास जाता जात नाही. कंपनी सांगेल तेच द्रावण वापरा. आणि डीस्केलिंगने फक्त क्षार जातात, कॉफीचं तेल काढायच्या गोळ्या वेगळ्या असतात. चोथ्याचा डबा भरायची वाट बघू नका, ओला चोथा तसाच राहिला की बुरशी येते, चार दिवस बाहेर जाणार असाल तर तो आणि खालचा पाणी सांडायचा ट्रे रिकामा करूनच जा.

दाणेदार:
नवीन मशीनची पहिली काही कॉफी पाणचट येईल, घाबरू नका, ग्राइंडर आणि डोस (एका कपाला पडणारी कॉफी) जुळायला थोडे कप जातात. मग दळण एकेक खूण बारीक करत न्या, ते पण ग्राइंडर फिरत असतानाच, बंद असताना फिरवू नका. फरक लगेच कळत नाही, दोनतीन कप जाऊ द्या. आणि तुम्ही काळी पिता ना, तर मोठा कप भरायला त्याच कॉफीतून पाणी ओढत राहू नका, कडू होते. छोटी एस्प्रेसो काढा आणि वरून गरम पाणी घाला, अमेरिकानोचं बटण असेल तर ते हेच करतं.

पहाटपाखरू:
मग अ‍ॅप आणि टचस्क्रीन यादीतून कट. निघणारं ब्रू युनिट आणि बिननळीचा दुधाचा डबा, एवढ्यावर आता दोनच मॉडेल उरलीत. दुकानात जाऊन स्वतः सगळं उघडून बघते.

फेसबहाद्दर:
तेच करा, आणि आपल्या भागात त्यांचं सर्व्हिस सेंटर आहे का तेही विचारा, सील आणि फिल्टर सुटे मिळायला हवेत. शिवाय पाण्याची टाकी कुठून निघते बघा ताई. मागून निघत असेल आणि ओट्यावर वरती कपाट असेल तर दर वेळी एवढं जड मशीन पुढे ओढावं लागेल, कारण चालू-बंद करताना ते स्वतःला धुवून घेतं आणि त्यातच टाकी वाटते त्यापेक्षा लवकर संपते. घरून निघताना कपाटाखालची उंची मोजून न्या, हॉपरचं झाकण उघडायलाही वर जागा लागते.