चर्चा: स्वतःचं ‘किरकोळ’ फोल्डर बाळगावं का?

खराडीकर
माझ्या लॅपटॉपवर ९ वर्षांपासून ‘किरकोळ’ नावाचं फोल्डर आहे. फायलींची नावं बदलणं, लॉगमधून (प्रोग्रामच्या नोंदींच्या फायलीतून) एररच्या ओळी गाळून घेणं, दोन सीएसव्ही (साध्या मजकुरातले तक्ते) जोडणं, अशा साठेक स्क्रिप्टा, म्हणजे छोटे प्रोग्राम. ४० ओळींच्या वर एकही नाही. परवा टीममधल्या नव्या मुलाने तारखेतले दिवस-महिना-वर्ष उलटे मांडायला दुसऱ्यांच्या तयार कोडची अख्खी लायब्ररी ओढून आणली. का, तर “सर, सगळे हेच वापरतात.” मार्च २०१६ मधलं लेफ्ट-पॅड प्रकरण त्याने ऐकलंही नव्हतं. शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणारं ११ ओळींचं पॅकेज, लेखकाने ते एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सामायिक कोठारातून काढून घेतलं आणि जगभरात बिल्ड कोसळले, म्हणजे ते वापरणारे प्रोग्राम तयारच होईनात. एवढ्या ओळी तरी घरच्या असाव्यात की नाही?

फेज_दोनचा_कैदी
नसाव्यात. त्या साठातल्या किती स्क्रिप्टांना टेस्ट आहेत, सांगा.
आमच्याकडेही असेच एक सीनियर होते. ३० दिवसांपेक्षा जुने लॉग उडवणारी त्यांची एका ओळीची आज्ञा सगळे डोळे मिटून वापरायचे. कुणीतरी त्यात हात घातला आणि ‘फाइंड’ या फायली शोधणाऱ्या आज्ञेत ‘डिलीट’ हा पर्याय दिवसांच्या अटीच्या आधी गेला. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे वाचतं. आधी उडवलं, मग वय विचारलं! त्या दिवसाचेही लॉग गेले. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून दीड तासाने घरी पोचलो होतो, तसाच मागे फिरलो.
आणि लेफ्ट-पॅड काही तासांत परत आलं होतं. त्यानंतर एनपीएमने पॅकेज काढण्याचे नियमही कडक केले. तुमचं फोल्डर हरवलं तर कोण परत आणणार?

खराडीकर
बॅकअप आहे हो.

जावावाले_काका
दोघांनाही एक भर. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर बाइटांचे केबी-एमबी करून दाखवणारा जावाचा एक तुकडा आहे, गिटहबवर (लोक आपला कोड ठेवतात त्या साइटवर) हजारो ठिकाणी चिकटवलेला. त्याला ९,९९,९९९ बाइट दिले की १ एमबीऐवजी ‘१०००.० केबी’ म्हणायचा. चूक २०१९ मध्ये लिहिणाऱ्यानेच जाहीर केली. तोवर मूळ दुरुस्त करून काय उपयोग, नकला सुटल्या होत्या गावभर. लायब्ररीत असती तर नवी आवृत्ती घेतली की काम झालं असतं.

शनिवारातली
मी मराठी याद्या हाताळते, त्यामुळे माझं मत खराडीकरांकडे. पायथनने साधी यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) सीएसव्ही लिहिली आणि एक्सेलमध्ये डबल क्लिक केलं की ‘कुलकर्णी’ची चिन्हांची रांगोळी होते. फाइलच्या सुरुवातीला ३ बाइटांची खूण लागते, ती लिहिणाऱ्या माझ्या ३ ओळी आहेत. ऑफिसात दर महिन्याला कुणीतरी त्या मागायला येतंच.
आयते तुकडे लिहिणाऱ्याने देवनागरी पाहिलेली नसते. ‘पुणे’ची लांबी पायथन ४ सांगतं, कारण उकार आणि मात्रा वेगळे मोजतं. नाव ३ वर कापलंत की उरतं ‘पुण’. अंक शोधायचं साधं रेगेक्स (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) पायथनमध्ये ‘४११०३०’ पकडतं, जावास्क्रिप्टमध्ये तेच चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखतं. फॉर्ममध्ये मराठीत पिनकोड भरणारे आजोबा थेट ‘अवैध’!

फेज_दोनचा_कैदी
हे पटलं. पण मग त्या ३ ओळी टीमच्या गिटमध्ये, सगळ्यांच्या सामायिक कोडसाठ्यात, का नाहीत? दर महिन्याला लोक तुमच्या टेबलापाशी येतात, यातच माझा मुद्दा आला.

शनिवारातली
टाकल्या होत्या. रिव्ह्यूत (सहकाऱ्यांच्या तपासणीत) ३ ओळींवर १७ कॉमेंट आल्या, त्यातल्या निम्म्या व्हेरिएबलच्या नावावर. काढून घेतल्या.

खराडीकर
😄 माझं फोल्डर लॅपटॉपवर का आहे, ते आता कळलं असेल.

जावावाले_काका
ताई, त्या ३ ओळी इथेच टाका ना. आमच्या सोसायटीच्या यादीचं दर महिन्याला हेच होतं.

शनिवारातली
ऑफिसच्या मशीनवर आहेत, सोमवारी टाकते. व्हेरिएबलच्या नावाबद्दल कुणी बोलायचं नाही.